आधी तक्रार अर्ज मागवून घे

प्रिय मित्रा,

अमेरिकेतल्या जेलमधल्या त्या कैद्यासाठी तू लिहिलेला दाव्याचा मसुदा वाचला. दाढेत पू झालेल्या माणसाला आठवडाभर डॉक्टर दाखवला नाही म्हणून तुझं डोकं फिरलं, साहजिक आहे. पण निम्म्याहून जास्त मजकूर संतापाचा आहे. काउंटीचा (जेल चालवणाऱ्या जिल्हा प्रशासनाचा) वकील तो चाळणारही नाही. तो एकच कागद शोधेल: जेलमधला तक्रार अर्ज.

अमेरिकेत 1996 च्या कायद्यानं कैद्याला फेडरल कोर्टात जाण्याआधी जेलच्या अंतर्गत तक्रार पद्धतीची शेवटच्या अपिलापर्यंतची पायरी चढावीच लागते. मुदत जेलच ठरवणार, आणि ती चुकली की दावा बाद. 2006 च्या वुडफर्ड विरुद्ध न्गो निकालानं ते पक्कं केलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातून फॉर्म घ्यायचा! मला हे आजही पटत नाही. फट एवढीच की पद्धत नुसती कागदावर असेल किंवा धाकदपटशानं अडवलं असेल, तर ती ‘उपलब्ध’ नव्हती असं म्हणता येतं (रॉस विरुद्ध ब्लेक, 2016). म्हणून त्या कैद्याला नेमकं विचार: फॉर्म कधी मागितला, कोणत्या पाळीला, डेप्युटी (जेलचा पहारेकरी) काय म्हणाला, पोच मिळाली का, स्थळप्रत कुठे आहे? ‘तक्रार केली होती’ एवढ्या वाक्यावर भागत नाही.

प्रतिवादी म्हणून तू नुसतं ‘काउंटी जेल’ लिहिलंयस. बऱ्याच कोर्टांत जेलवर दावाच लागत नाही, काउंटीवर लागतो. आणि तिथे 1978 च्या मोनेल निकालाप्रमाणे धोरण किंवा रुळलेली पद्धत दाखवावी लागते. एका नर्सच्या हलगर्जीपणावरून काउंटी सापडत नाही. तेव्हा नर्स आणि डेप्युटी यांची नावं मिळव.

तो शिक्षा झालेला आहे की कच्चा कैदी, हे मसुद्यात कुठेच नाही! शिक्षा झालेल्याला आठवी घटनादुरुस्ती (क्रूर शिक्षेला मनाई) लागू, कच्च्या कैद्याला चौदावी (रीतसर प्रक्रियेचा हक्क). आठवीखाली उपचारांत चूक झाली एवढं पुरत नाही. गंभीर दुखणं ठाऊक असून कानाडोळा केला हे दाखवावं लागतं, 1976 च्या एस्टेल विरुद्ध गॅम्बलपासून.

सही घेण्याआधी पैशांचंही सांग. गरीब असला तरी दावा दाखल करण्याची 350 डॉलरची कोर्ट फी माफ होत नाही, हप्त्यांनी जाते: त्याच्या जेलमधल्या खात्यात 10 डॉलरपेक्षा जास्त असले की मागच्या महिन्याच्या जमेतले 20 टक्के. घरून येणाऱ्या पैशांतूनही. दावा फेटाळला गेला तरी कापणी चालूच राहते. हे ऐकून तो नको म्हणाला, तर त्याला गळ घालू नकोस.