कटिबंध सरकतो कसा?

विचारणा आली आहे: 'उष्ण कटिबंध ध्रुवांकडे सरकतोय, असं बातमीत वाचलं. कटिबंध तर कर्कवृत्त आणि मकरवृत्तानं ठरलेला, तो सरकेल कसा? शब्द चुकलाय का?'

शब्द बरोबर आहे. चुकतात ते फ्लेक्सवर 'विकासासाठी कटिबंध' छापणारे. तिथे 'कटिबद्ध' हवं, म्हणजे कंबर कसलेला. कटिबंध म्हणजे कंबरेला बांधायचा पट्टा, आणि खरी बहार इथेच आहे. 'झोन' ज्यातून आला त्या ग्रीक शब्दाचा अर्थही कंबरपट्टाच! अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी पृथ्वीचा मधला पट्टा राहता येणार नाही इतका तापलेला आणि दोन्ही टोकांचे गारठलेले. ज्या कुणी मराठीत 'कटिबंध' रुजवला, त्याला हे ग्रीक मूळ पक्कं ठाऊक असणार, असं माझं ठाम मत आहे. एरवी नुसत्या 'पट्ट्या'वर भागलं असतं की!

काही शुद्धतावादी बजावतात, कटिबंध सूर्याच्या कोनापुरताच ठेवा, हवामानासाठी 'प्रदेश' म्हणा. साफ नामंजूर. हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर क्योपेननं १८८४ सालीच पृथ्वीचे पट्टे वर्षातले किती महिने किती तापमान असतं यावरून आखले, आणि त्यांनाही 'झोन'च म्हटलं. पुढे त्याच्याच वर्गीकरणात सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंश सेल्सिअस ही उष्ण कटिबंधाची सीमा ठरली. तापमान वाढलं की ही रेघ हलणारच. शिवाय विषुववृत्तापाशी वर चढलेली हवा कोरडी होऊन जिथे खाली उतरते, ते पट्टेही १९८०च्या दशकापासून ध्रुवांकडे सरकलेत. अमेरिकेच्या शेतीखात्यानं २०२३मध्ये झाडांसाठीच्या थंडीच्या झोनचा (हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून आखलेल्या पट्ट्यांचा) नवा नकाशा काढला, तेव्हा जवळजवळ निम्मा देश अर्धा झोन उबदार बाजूला गेला होता. तिकडे कुंडीत कढीपत्ता जगवणाऱ्या मराठी घरांना हा झोन पाहावाच लागतो.

आणि कर्कवृत्त तरी कुठे जागचं हलत नाही? पृथ्वीच्या अक्षाचा कल हळूहळू कमी होतोय, त्यामुळे ते दरवर्षी सुमारे १५ मीटर दक्षिणेला येतं. म्हणजे पाठ्यपुस्तकातला उष्ण कटिबंध आवळतोय आणि हवामानाचा सैल होतोय.