वाचक विचारतात: गॅदरिंग, मंडळं आणि जुनं कॉलेज

गेल्या अंकात जुन्या कॉलेजांच्या आठवणी छापल्या त्यावर बरेच प्रश्न आलेत, सगळे घेता येणार नाहीत, पण पहिला प्रश्न वाचूनच ठरवलं की यावर नीट लिहायचं, मग बाकीच्यांना जागा थोडी कमी पडली तरी चालेल.

प्रश्न: माझे आजोबा 1955 च्या सुमाराला औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजात होते. ते नेहमी सांगतात की आमच्या गॅदरिंगचं नाटक बाबासाहेबांनी समोर बसून बघितलं. घरात सगळ्यांना वाटतं की आजोबा वाढवून सांगतात. असं काही झालं होतं का? (एक वाचक, परभणी)

उत्तर: झालं होतं! आणि प्लीज आजच घरी सगळ्यांना सांगा. ते नाटक म्हणजे 'युगयात्रा', लिहिलं होतं कॉलेजचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी. रामायणकाळापासून आजपर्यंत अस्पृश्यांच्या वाट्याला काय काय आलं ते युगामागून युग दाखवत जाणारं नाटक, 1955 ला मिलिंदमध्ये पोरांनी ते बाबासाहेबांसमोर केलं आणि पुढच्याच वर्षी, 1956 ला, नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी प्रचंड जनसमुदायापुढे त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना अभ्यासक या नाटकाचं नाव घेतातच. म्हणजे कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बसवलेलं नाटक कुठवर गेलं बघा.

आता हे किती मोठं होतं ते कळायला तेव्हाचा मराठवाडा डोळ्यासमोर आणायला लागतो. 1948 पर्यंत निजामाचं राज्य, उच्च शिक्षण म्हटलं की हैदराबादकडे बघायचं, आणि ज्याच्या घरी जेवायची मारामार आहे त्या पोरानं हैदराबादला राहून शिकायचं कसं? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 ला औरंगाबादला कॉलेज काढलं, 1951 च्या सप्टेंबरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसवली, नागसेनवन या कॉलेजच्या परिसरात वसतिगृहं उभी राहिली आणि खेड्यापाड्यातली पोरं ट्रंक घेऊन येऊन राहायला लागली. गावात ज्यांना चावडीवर बसू द्यायचे नाहीत ती पोरं इथे स्टेजवर उभी राहून संवाद म्हणत होती, आणि कुणाचे तर स्वतःच्याच इतिहासाचे! मला हे नुसतं लिहितानाही भरून येतं.

वाङ्मय मंडळाचं पण तसंच. मिलिंदच्या परिसरात पोरं आणि प्राध्यापक एकत्र बसून कविता वाचायचे, भांडायचे, लिहायचे, त्यातूनच पुढे साठच्या दशकात गंगाधर पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक आलं. सर तिथेच मराठी शिकवायचे. दलित साहित्याची आख्खी एक पिढी त्या नियतकालिकात लिहिती झाली. तेव्हा कॉलेजची मंडळं म्हणजे टाइमपास असं कुणी म्हणालं की मला अजिबात पटत नाही.

एक काम करा. आजोबांची डिग्री कपाटात असेल तर काढून बघा, मराठवाडा विद्यापीठ 1958 ला निघालं, त्याआधीच्या पोरांच्या डिग्रीवर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचं नाव असतं. आणि आजोबांना फोनवर रेकॉर्ड करा, नाटकात कोण कोणती भूमिका करायचं, तालमी कुठे व्हायच्या, कपडे कुठून आणायचे, सगळं विचारा. ही माहिती छापलेली मिळत नाही.

प्रश्न: जुन्या लोकांच्या बोलण्यात 'कॉलेजचं पार्लमेंट' येतं. ते काय असायचं? (कल्याणहून)

उत्तर: अभिरूप संसद. एक पोरगा स्पीकर, काही मंत्री, समोर विरोधी पक्ष, विधेयक मांडायचं, दुरुस्त्या सुचवायच्या, शेवटी मतदान. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजचं पार्लमेंट यात प्रसिद्ध. हे कॉलेजही पीपल्स एज्युकेशन सोसायटीचंच, 1946 चं, वर्ग सकाळी भरायचे म्हणजे नोकरी करणाऱ्यांना शिकून कामावर जाता यायचं. 1950 ला बाबासाहेब देशाचे कायदामंत्री असताना या विद्यार्थी संसदेपुढे हिंदू कोड बिलावर, म्हणजे हिंदूंचे लग्न, वारसा याबद्दलचे कायदे बदलणाऱ्या विधेयकावर बोलले. विचार करा, ज्या बिलावरून दिल्लीत रान पेटलं होतं, आणि जे अडवलं गेलं म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडलं, ते बिल त्यांना कॉलेजच्या पोरांना समजावून सांगावंसं वाटलं. पोरांना ते किती सिरियसली घेत होते ते यातून दिसतं.

याच संस्थेचं वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह, तिथल्या खोल्यांमधल्या चर्चा रात्र रात्र चालायच्या आणि 1972 च्या दलित पँथर या तरुणांच्या संघटनेच्या काळात ते चळवळीचा अड्डाच होतं. अधिकृत मंडळ, अध्यक्ष, सेक्रेटरी असलं काही नसतानाही हॉस्टेल हेच एक मोठं मंडळ असतं, हे मुंबईत शिकलेल्या कुणालाही विचारा.

प्रश्न: पुरुषोत्तम करंडक पण त्याच काळातला का? (नाशिक)

उत्तर: थोडा नंतरचा, 1963. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनं अप्पासाहेब ऊर्फ पुरुषोत्तम वझे यांच्या नावानं आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर आणि तिथली 'अरे आव्वाज कुणाचा' ही पोरांची आरोळी हे आलंच. 2022 ला परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही त्यावरून खूप वाद झाला. माझं मत विचाराल तर त्या पोरांसाठी वाईट वाटलं, पण निर्णय बरोबर होता, करंडकाची किंमत त्यानं टिकली.

प्रश्न: आमच्या वेळी जीएसच्या (कॉलेजच्या विद्यार्थी जनरल सेक्रेटरीच्या) निवडणुकीला भिंती रंगायच्या, आता मुलाच्या कॉलेजात काहीच दिसत नाही. का? (सोलापूर)

उत्तर: महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद झाल्या आणि मार्कांवरून प्रतिनिधी नेमायला लागले. कारण हाणामाऱ्या आणि राजकीय पक्षांचा पैसा, आणि ते कारण खोटं नव्हतं. 2016 च्या नव्या कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद परत आली आहे. पण मार्कांवरून प्रतिनिधी नेमला की पोरं मत मागायला एकमेकांच्या दारात जात नाहीत, ते शिक्षण गेलंच की. मला वाटतं निवडणुका घ्याव्यात, खर्चावर कडक मर्यादा घालून.

प्रश्न: आईच्या कॉलेजचा जुना वार्षिक अंक हवा आहे, कुठे मिळेल? (सातारा)

उत्तर: आधी कॉलेजच्या लायब्ररीत विचारा. तिथे 'नाही' म्हणाले तर ऑफिसात नको, मराठी विभागात जा, कारण अंकाचे संपादक बहुतेक मराठीचेच प्राध्यापक असायचे आणि जुने गठ्ठे विभागाच्याच कपाटात सापडतात. माजी विद्यार्थी संघ असेल तर त्यांनाही कळवा, आणि गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात एक चक्कर मारा. अंक मिळाला तर आईचं पानच फक्त नको, सगळा स्कॅन करून एक कॉपी लायब्ररीला द्या.