जनुक संपादनामुळे डाऊनी (केवडा) रोगाला दाद न देणारी द्राक्षवेल मिळेल का?

तत्त्वतः मिळू शकते; मात्र येत्या गोडी (फळधारणेसाठीच्या) छाटणीपासूनच फवारण्या कमी होतील, अशी आशा निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांनी धरू नये. पानावर तेलकट पिवळा डाग आणि त्याच्या मागे पांढरी लव आणणारा डाऊनीचा रोगकारक वेलीच्याच काही जनुकांमुळे फोफावतो. त्यांपैकी डीएमआर-६ या जनुकापासून तयार होणारे विकर वेलीतील सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे रोगाची वर्दी देणारे रसायन, निष्प्रभ करते. क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्राने हे जनुक बंद पाडल्यास वेलीची संरक्षणव्यवस्था अधिक सजग राहते. इटलीत व्हेरोना विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा शार्दोने या द्राक्षवाणाच्या संपादित वेली २०२४ मध्ये शेतात लावल्या, परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये अज्ञातांनी त्यांची नासधूस केली, हे फार क्लेशदायक आहे, कारण खरी परीक्षा उघड्या रानातच होते.

खरी अडचण पुढे आहे. संपादित पेशीपासून अख्खी वेल वाढवणे किचकट असते, शिवाय संकर केल्यास थॉमसन या वाणाची थॉमसन राहत नाही, म्हणून प्रत्येक वाणाचे संपादन स्वतंत्रपणे करावे लागते. सॅलिसिलिक आम्ल वाढल्याने वाढ खुंटत नाही ना, हेही तपासावे लागते.

परके जनुक नसलेल्या संपादित पिकांना भारताने २०२२ मध्ये काही जैवसुरक्षा नियमांतून सूट दिली आणि २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. तूर्त डोळे फुटण्याच्या (पोंगा) अवस्थेपासून पानांची खालची बाजू नियमित पाहावी आणि कॅनॉपी (वेलीचा पानोरा) मोकळी ठेवावी.