सिलिकॉन मॉड्युलेटर: एम.टेक. प्रकल्पाला रिंग घ्यावी की मॅक-झेंडर?

तुम्ही विचारलंय की प्रकल्पासाठी सिलिकॉनचा मॉड्युलेटर (विजेच्या सिग्नलप्रमाणे प्रकाश कमी-जास्त करणारा भाग) करायचाय, गाइड रिंग घे म्हणतात, तर रिंग (प्रकाश गोल फिरवणारं कडं) बरी की मॅक-झेंडर (प्रकाश दोन हातांत वाटून पुन्हा एकत्र आणणारी रचना). आणि लिथियम नायोबेट (मॉड्युलेटरसाठी वापरतात तो स्फटिक) असताना सिलिकॉनच्या नादी लागावंच का. दुसऱ्या प्रश्नाचं खाली थोडक्यात आटोपतो. पहिल्याचं उत्तर: डिग्री वेळेवर हवी असेल तर मॅक-झेंडर.

गाइड रिंगच का सुचवतात ते मला चांगलं ठाऊक आहे. पाच-दहा मायक्रॉनची त्रिज्या. मॅक-झेंडरचे हात दोन-तीन मिलिमीटर लांब, आणि फॅबवाले (चिप बनवून देणारे) जागेचे पैसे घेतात. शिवाय २००५ साली कॉर्नेलची रिंग ‘नेचर’मध्ये छापून आली, तेव्हापासून ती प्रत्येकाच्या स्लाइडवर आहे. त्याच्या आदल्याच वर्षी इंटेलने १ गिगाहर्ट्झच्या पुढे नेलेला सिलिकॉन मॉड्युलेटर मॅक-झेंडर होता, हे मात्र कुणाला आठवत नाही.

आता माझं ऐका. आमच्या चिपा बाहेरच्या फॅबमधून आल्या होत्या. उलट्या बायसवरचं (उलटं व्होल्टेज दिलेलं) पीएन जंक्शन, क्यू (रिंग प्रकाश किती वेळ धरून ठेवते त्याचं माप) १०,००० च्या आसपास, म्हणजे खड्डा (रिंगच्या अनुनादाच्या तरंगलांबीला आलेखात प्रकाश घटतो ती जागा) जेमतेम ०.१५ नॅनोमीटर रुंद. एक व्होल्ट दिला की तो सुमारे २५ पिकोमीटर सरकायचा. आणि चिप एक अंशाने तापली की ७५. म्हणजे खोली एक अंशाने गरम झाली की कुणीतरी न विचारता तीन व्होल्ट लावून गेल्यासारखं. लॅबचे मामा साडेपाचला एसी बंद करून घरी जायचे आणि सहापर्यंत माझा खड्डा चालता व्हायचा. पहिला महिना हे समजण्यातच गेला. मग चिपखाली टीईसी (विजेवर थंड-गरम करणारा तुकडा) बसवला, २५ अंशांवर कुलूपबंद केला आणि म्हटलं सुटलो.

सुटलो कसला! सरांच्या जुन्या मोजणीपेक्षा माझा खड्डा ०.१२ नॅनोमीटर पुढे. तीच चिप, तीच रिंग, तेच २५ अंश. रोज तेच. सर आले, सूक्ष्मदर्शकात डोकावले आणि सगळ्या लॅबसमोर म्हणाले, “फायबर लावताना हात थरथरतो का रे तुझा?” सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. पण मला तेव्हाही कळत होतं की हात हलला तर आलेखाची पातळी खाली-वर होईल, खड्डा जागचा कसा हलेल? तोंडातून मात्र शब्द निघाला नाही.

त्या रात्री थांबून मी सरांची स्क्रिप्ट ओळीओळीने वाचली. ती मोठ्या तरंगलांबीकडून लहान तरंगलांबीकडे मोजत येत होती. माझी उलट, लहानाकडून मोठ्याकडे. लेझर १० मिलिवॅटवर; ग्रेटिंग कपलरमध्ये (फायबरमधला प्रकाश चिपमध्ये उतरवणारी जाळी) पाच-सहा डीबी गेले तरी अडीच-तीन मिलिवॅट चिपमध्ये शिरतच होते. रिंग त्यातला काही प्रकाश शोषते, तापते, आणि तापली की तिचा अनुनाद मोठ्या तरंगलांबीकडे सरकतो. मी त्याच दिशेने चाललो होतो, म्हणून खड्डा माझ्यापुढे पळत राहायचा आणि शेवटी एकदम सुटायचा. आलेख करवतीच्या दातासारखा तिरका. सर समोरून येत होते, त्यांना तो थंड अवस्थेत, अचानक भेटायचा. लेझर ०.१ मिलिवॅटवर आणला आणि दोन्ही बाजूंनी मोजलं. दोन्ही आलेख एकावर एक बसले. पहाटे तीन वाजले होते, सांगायला कुणी नव्हतं.

यात तुमच्या कामाची गोष्ट अशी: लेझर खड्ड्याच्या निळ्या बाजूला, म्हणजे कमी तरंगलांबीकडे ठेवलात तर रिंग तापून दूर सरकते, शोषण घटतं, आपोआप तोल राहतो. लाल बाजूला ठेवलात तर तापल्यावर ती लेझरकडेच येते आणि मग उडी मारते. आय डायग्राम (सिग्नलचे बिट एकावर एक ठेवून काढलेला, डोळ्यासारखा आलेख) दहा मिनिटं छान दिसून अचानक मिटत असेल तर ड्रायव्हर (मॉड्युलेटरला व्होल्टेज पुरवणारं सर्किट) बदलू नका, आधी बाजू बघा. आणि व्होल्टेज वाचवायला क्यू वाढवू नका. फोटॉन आत रेंगाळतो. १५५० नॅनोमीटरला क्यू १०,००० म्हणजे वेगाचा मामला १९ गिगाहर्ट्झच्या आसपासच आटोपतो.

मॅक-झेंडरमध्ये दोन्ही हात सारखे तापतात, फरक फारसा उरत नाही, लेझर थोडा इकडेतिकडे गेला तरी चालतं. तिथला त्रास वेगळा: इलेक्ट्रोड ट्रॅव्हलिंग-वेव्ह (विजेचा सिग्नल प्रकाशाबरोबर पुढे नेणारे) लागतात, विजेचा आणि प्रकाशाचा वेग जुळवावा लागतो, डोपिंगमुळे (सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या अशुद्धीमुळे) प्रकाश वाया जातो. पण ही सगळी दुखणी आधी गणिताने दिसतात. संध्याकाळी सहाला उठून चालू लागत नाहीत.

लिथियम नायोबेट: वेगाला आणि रेषीयतेला उजवंच. हार्वर्डच्या गटाने २०१८ मध्ये पातळ थरावर जे दाखवलं त्यानंतर वादच नाही. पण लिथियमला ट्रान्झिस्टरच्या फॅबमध्ये सहजी आत घेत नाहीत, आणि सिलिकॉनच्या शेजारी जर्मेनियमचा डिटेक्टर त्याच चिपवर मिळतो. म्हणून सिलिकॉन.

आता तुमचे गाइड म्हणतील, एनव्हिडियाने २०२५ मध्ये स्विचच्या शेजारी बसवायला जे ऑप्टिक्स जाहीर केलं त्यात सूक्ष्म रिंगाच आहेत. आहेत. पण अशा प्रत्येक रिंगला हीटर आणि त्यावर सतत नजर ठेवणारं सर्किट लागतं. तुमच्या प्रकल्पात ते सर्किट म्हणजे तुम्ही. गाइड ऐकतच नसतील तर निदान एवढं करा: पॉवर किती आणि स्वीप (मोजताना तरंगलांबी बदलत नेणं) कोणत्या दिशेने, हे प्रत्येक आलेखाखाली लिहा. आमच्या पेपरात माझं नाव तिसरं आहे आणि स्वीपची दिशा अजूनही लिहिलेली नाही.

एक कबूल करायला हवं. हात हलला की चिपमध्ये शिरणारी पॉवर बदलते, आणि पॉवर बदलली की तापलेल्या रिंगचा खड्डाही थोडा सरकतो. म्हणजे सर अगदीच चूक नव्हते. हे मला दोन वर्षांनी सुचलं, आणि त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.