मधमाशीची वंशावळ म्हणायचं की आजोळ?

प्रश्न आलाय की सातेरी ही मधमाशीची जात, प्रजाती की वाण, आणि डीएनएवरून तिचं मूळ शोधतात त्याला वंशावळ म्हणायचं का.

पहिलं पटकन सांगते. मराठी विश्वकोशात जाती खालची आणि प्रजाती तिच्या वरची, म्हणजे एपिस ही प्रजाती, एपिस सेराना ही जाती, आणि आपली सातेरी ही त्यातली इंडिका उपजाती. पेपरात 'सातेरी प्रजाती' छापतात ते हिंदीच्या वळणाने, तिकडे प्रजाति म्हणजे आपली जाती. वाण मला पटत नाही, वाण माणसाने निवडून जपलेलं असतं, भाताचं किंवा ज्वारीचं. बोलताना नुसतं जात म्हणा, छान चालतं. बिल्डिंगच्या टाकीखाली लटकतं ते आग्या मोहोळ, बाल्कनीतल्या कढीपत्त्याला तळहाताएवढं एकच पोळं दिसलं तर ती फुलोरी, आणि सातेरी अंधारात, झाडाच्या ढोलीत शेजारी शेजारी पोळी बांधते, ती सात म्हणून सातेरी असं सांगतात.

आता वंशावळ. जातीच्या दाखल्यासाठी जोडतो ती आठवा, बाप, आजा, पणजा, खापरपणजा. मधमाशीत हे जुळतच नाही, कारण नर होतो फलित न झालेल्या अंड्यातून, त्याला बाप नसतो. पण आजा असतो! आईचा बाप. म्हणजे त्याचं सगळं गणगोत आजोळचंच. वर मोजत जा, आई 1, आजी-आजोबा मिळून 2, मग 3, मग 5, मग 8, मला हे कळलं तेव्हा मी वहीत काढूनच बघितलं होतं.

कामकरी माश्यांना बाप असतो, पण राणी उडता उडता बऱ्याच नरांशी जुळते, त्यामुळे एकाच मोहोळात काही सख्ख्या बहिणी आणि बऱ्याचशा सावत्र, आई मात्र एकच. जनुकीय वैविध्य म्हणतात त्यातलं बरंच इथून येतं. आणि मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतला, डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून एका मोहोळातली एकच माशी तपासली तरी सगळ्यांचं आईकडचं कूळ कळतं. दक्षिण भारतातली सपाटीवरची पिवळसर सेराना आणि डोंगरातली काळपट सेराना वेगळ्या कुळांतल्या आहेत हे असंच डीएनए ताडून दिसलं.

तर अशा अभ्यासाबद्दल लिहिताना 'मातृवंश' लिहा, आणि गप्पांमध्ये खुशाल 'ह्या सातेरीचं आजोळ कुठलं' असं विचारा, आपल्या भाषेत इतका नेमका शब्द आयता आहे तर तो वापरावा असं मला मनापासून वाटतं. फक्त पेशीकेंद्रातला डीएनए तपासला असेल तर त्यात नरांकडून आलेलंही असतं, तिथे मातृवंश चुकीचा होईल, तिथे सरळ 'पूर्वज' म्हणा.