घरी केलेल्या ओनियन रिंग्ज पाच मिनिटांत मऊ पडतात. सोडा वाढवू का?

तुमचं म्हणणं असं: बेसन, कॉर्नफ्लॉर आणि चिमूटभर खायचा सोडा घेऊन रिंग्ज तळल्या, कढईतून काढताना झकास होत्या, ताटात येईपर्यंत लोळल्या. घास घेतला की कांदा अख्खा ओढून बाहेर येतो आणि हातात नुसतं टरफल उरतं. सोडा वाढवावा का, आणि एअर फ्रायरमध्ये जमेल का?

सोडा वाढवू नका, काढून टाका. त्याच्यावर खाली सविस्तर बोलतो, कारण आमच्या सोलापुरात हा वाद दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या कढईपाशी होतोच.

मूळ घोळ असा की तुम्ही भजीच्या हाताने रिंग करताय. खेकडा भजीला कांदा उभा चिरून मीठ चोळून ठेवतात, त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवतात. तिथं कांद्याचं पाणी कामाचं. रिंगला तेच पाणी बुडवतं. कांद्यात शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद भाग पाणीच असतं. तळताना त्याची वाफ होते आणि कढईतून काढल्यावरही ती बाहेर येतच राहते. वाट मिळाली नाही तर ती कोटिंगमध्ये मुरते. म्हणून चकत्यांना आधी मीठ अजिबात लावायचं नाही. मीठ फक्त पिठात.

कांदा मोठा घ्या, सात-आठ सेंटिमीटर व्यासाचा. गोल्टी म्हणजे बारीक कांदा नको, जोडकांदा तर नकोच, त्याच्या आत दोन गाभे असतात आणि गोल कडी निघत नाही. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या मार्केट यार्डात लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, तो नवा कांदा रसरशीत असतो, भजीला उत्तम. रिंगला कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा बरा. घट्ट असतो आणि पाणी कमी सोडतो.

चकत्या आठ मिलिमीटरच्या. याहून जाड कापल्या तर कोटिंग लाल होईस्तोवर कांदा आत कच्चा राहतो, दाताने तुटत नाही आणि पूर्ण ओढला जातो. कड्या सुट्या करून बर्फाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा. मग एकेक कडी हातात घेऊन आतली बाजू बघा. तिथं कांद्याच्या दोन थरांमधला पारदर्शक, ओलसर पापुद्रा असतो. नखाने एक टोक उचललं की गोल फिरत निघून येतो, सापाच्या कातीसारखा. सगळे हीच पायरी गाळतात. या गुळगुळीत पापुद्र्यावर पीठ बसतच नाही. बसल्यासारखं दिसतं, तळताना मागे वाफ धरते आणि टरफल सुटतं. तुमचं टरफल सुटतंय ते बहुतेक इथंच. दोन कांद्यांना दहा मिनिटं जातात. तेवढा धीर नसेल तर सरळ भजी करा, त्यात कमीपणा काही नाही.

पुढे कड्या सुती फडक्यावर पसरून कोरड्या करा, अगदी कोरड्या. मग दोन-तीन चमचे मैद्यात घोळवून झटका. या कोरड्या थराला ओलं पीठ धरून राहतं.

दोन मोठ्या कांद्यांना मैदा १०० ग्रॅम, तांदळाचं पीठ ५० ग्रॅम, कॉर्नफ्लॉर २० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, बेकिंग पावडर एक सपाट चमचा, तिखट आवडीने. पाण्याऐवजी फ्रीजमधलं थंडगार सोडा वॉटर, साधारण १९० मिली, तेही तळायच्या तोंडावर. काट्याने दहा-बारा वेळा फिरवून थांबा, गुठळ्या राहिल्या तर राहू देत. घोटत बसलात तर मैद्याला चिकटपणा येतो आणि कोटिंग चिवट होतं. पीठ थंड असलं की हा चिकटपणा कमी येतो. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असताना हे पीठ ओट्यावर पाच मिनिटांत कोमट होतं, म्हणून पातेलं बर्फाच्या ताटात ठेवून काम करा.

तांदळाच्या पिठाचं म्हणाल तर आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत पकोडीच्या बेसनात ते घालायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. त्यात ग्लूटेन नाही, ते तेल कमी पितं आणि गार झाल्यावरही कडक राहतं. त्याच्या जागी ज्वारीचं पीठही चालतं, पण चव पुढे येते आणि रंग मळकट होतो. मालदांडी ज्वारी भाकरीतच शोभते. निव्वळ बेसनाच्या जाड लेपाची मात्र रिंग होत नाही, कांद्याची गोल भजी होते.

आता सोडा. सोडा वॉटर आणि खायचा सोडा एक नव्हे. सोडा वॉटरमध्ये नुसता वायू असतो, तो तेलात उडून जातो आणि पातळ, जाळीदार कवच ठेवतो. खायच्या सोड्याला कामाला लागायला आंबट काहीतरी हवं: ताक, दही, लिंबू (बेकिंग पावडरमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं, म्हणून ती चालते). ते नसलं तर उष्णतेने तो फुटतो, पीठ फुगतं आणि मागे क्षार राहतो, तोच साबणासारखा जिभेला लागतो. फुगलेल्या पिठाला आत भोकंच भोकं, त्यात तेल शिरतं, मागून वाफ शिरते. कढईत कुरकुरीत, ताटात लोळागोळा. वर क्षारामुळे रंग लवकर चढतो, म्हणून माणूस आतला कांदा शिजायच्या आधीच काढून घेतो. पुरावा हवा असेल तर हळद घातलेल्या भजीवर लालसर ठिपके बघा. हळद क्षारात लाल होते. ठिपका दिसला की सोडा जास्त पडला किंवा नीट मिसळला नाही. तरी लोक म्हणणार, ‘सोड्याशिवाय कुरकुरीत होतच नाही.’ खेकडा भजी कुरकुरीत होते ती पातळ उभ्या चिरलेल्या कांद्याने आणि बेसनात ओतलेल्या कडकडीत तेलाच्या मोहनाने. सोड्याचं नाव फुकट होतं.

तेल १७५ ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका: तळाशी जाऊन लगेच वर आला तर ठीक, खालीच बसला तर तेल गार, पडल्या-पडल्या तपकिरी झाला तर जास्त तापलंय. रिफाइंड शेंगदाणा तेल घ्या. घाण्याचं करडई तेल चवीला भारी, पण लवकर धुरावतं. लिटरभर तेलात एका वेळी चार-पाच रिंग्ज, त्याहून जास्त नाही, कारण थंड पीठ पडलं की तेल झपकन उतरतं. टाकल्यावर आच वाढवा. एक बाजू दीड मिनिट, उलटून एक मिनिट. बुडबुड्यांचा जोर ओसरला की काढा. पंगतीसाठी जास्त करायच्या असतील तर आधी फिकट तळून ठेवा आणि वाढताना पुन्हा १८५ अंशाला पाऊण मिनिट.

काढून ठेवायच्या तारेच्या जाळीवर, एकावर एक नाही. पेपरवर टाकल्या की खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते. छापील वर्तमानपत्र तर नकोच, शाई तेलात उतरते, अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०१६ मध्ये तशी सूचना काढली होती.

एअर फ्रायरबद्दल: असलं ओलं पीठ त्यात गळून खाली पडतं. मैदा, मग अंडं किंवा मैद्याची पातळ पेस्ट, मग ब्रेडक्रम्स, वरून तेलाचा फवारा, २०० अंशाला आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. कुरकुरीत होतात, पण चव टोस्टाची येते.

हो, एक राहिलं. सोड्यावर एवढं बोललो ते रिंगपुरतं. मिरची भजी फुगीर हवी असेल तर चिमूटभर घाला, माझी हरकत नाही. आणि मधल्या बारीक कड्या टाकू नका. त्या उभ्या चिरून, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यात मावेल एवढंच बेसन घाला आणि त्याच तेलात तळा. सोबत शेंगा चटणी दह्यात कालवून.