चुलतभावाच्या लग्नात कुर्त्याखाली काय घालावे: पटियाला सलवार, धोती-पँट की शिवलेले धोतर?

आपण विचारले आहे की चुलतभावाचे लग्न आहे, उंची ५ फूट ५ इंच आहे, चुडीदार आणि साधा पायजमा यांचा कंटाळा आला आहे, काहीतरी घेरदार, चुण्यांचे घालायचे आहे, मात्र ते फॅन्सी ड्रेससारखे दिसू नये. आपल्या या शेवटच्या अटीमुळे मी लिहायला बसलो, कारण नेमका हाच शब्द मला २०१७ च्या मे महिन्यात भर मंडपात ऐकावा लागला होता.

प्रसंग माझ्या मुलाच्या मुंजीचा. मुंजीत बटूच्या वडिलांना होमासमोर बराच वेळ मांडी घालून बसावे लागते, हे मला ठाऊक होते; पण विकत घेतलेल्या वस्त्रात मांडी घालता येते की नाही हे दुकानातच पाहून घ्यायचे असते, हे कोणी सांगितले नव्हते. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातून मी तयार शिवलेले धोतर आणले होते. रंग डाळिंबी, काठ सोनेरी, कमरेला इलॅस्टिक आणि चिठ्ठीवर ‘फ्री साइज’. आरशासमोर उभे राहून पाहिले तेव्हा ते झकास दिसले. कार्यालयात पाटावर बसायला गेलो आणि गुडघे वीतभराच्या पलीकडे फाकेनात. आसन, म्हणजे दोन पायांमधला जोड, जवळजवळ गुडघ्यापर्यंत खाली सोडलेले होते, आणि समोरच्या निऱ्या कमरेपासून पोटरीपर्यंत टाके घालून पक्क्या केलेल्या होत्या. म्हणजे घेर नुसता बघणाऱ्यांसाठी होता, पायांच्या वाट्याला तो येतच नव्हता. मी एक गुडघा उभा ठेवून, तिरका होऊन बसलो. गुरुजी दोनदा म्हणाले, “यजमान, नीट बसा.”

एवढ्यावर भागले असते तर मी विसरलो असतो. पण होमातल्या समिधा तडतडल्या आणि चार-दोन ठिणग्या माझ्या मांडीवर येऊन पडल्या. सुती कापडावर ठिणगी पडली तर ते तेवढ्यापुरते जळते आणि आपण हाताने झटकून टाकतो. माझे वस्त्र ‘सिल्क’ या नावाखाली विकलेले पॉलिस्टर होते, आणि पॉलिस्टर वितळते. तीन भोके पडली, त्यांच्या कडा काळ्या, टणक मण्यांसारख्या झाल्या, आणि त्यांतला एक मणी कातडीला चिकटला. तिळाएवढा डाग अजून आहे. मी दचकून उठलो, आणि समोर उभे असलेले माझे थोरले मेहुणे, म्हणजे बटूचे मामा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “भावोजी, मुंजीला आलात की फॅन्सी ड्रेसला? धोतर नेसायचं असतं, चढवायचं नसतं.”

मेहुणे नागपूरचे आहेत. त्यांच्याकडे रेशीमकाठी नागपुरी धोतराचा जुना जोड आहे, आणि तो ते खरोखर सुरेख नेसतात, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दुपारी पंगतीत ते जिलबीचा आग्रह करत वाकले तेव्हा कोट वर सरकला आणि त्या सुरेख निऱ्यांवर आवळलेला तपकिरी चामड्याचा पट्टा मला दिसला. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. माझे म्हणणे सोपे आहे: धोतर सुटू नये म्हणून वरून पट्टा आवळलेला चालत असेल, आत दोन सेफ्टी पिना चालत असतील, तर दहा टाके का चालू नयेत? त्यांचे म्हणणे असे की पट्टा संध्याकाळी काढला की धोतर पुन्हा धोतर होते, शिवलेले मात्र कायमचे पँट होऊन बसते. त्यांच्या युक्तिवादात अर्धे तथ्य आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे, पण ते मी त्यांना सांगितलेले नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. पटियाला सलवारीत चुण्या कमरेखालच्या रुंद कापडी पट्ट्याला जोडलेल्या असतात, त्या पायांवरून झोळासारख्या लोंबत घोट्याशी ताठ मोहरीत, म्हणजे पायाच्या तोंडाशी असलेल्या पट्टीत, येऊन संपतात. पंजाबात हे वस्त्र पुरुषांचेही होते आणि तिथल्या लांब कुर्त्याखाली ते डौलदार दिसते. पण आपल्याकडच्या लग्नात, डोक्यावर फेटा आणि खांद्यावर उपरणे असताना, ते दोन गावांचे पाहुणे एकाच खोलीत उतरवल्यासारखे वाटते. धोती-पँट म्हणून सध्या जे विकले जाते त्यातले बहुतेक कापड होजिअरीचे, ताणले जाणारे असते. तो झोपायचा कपडा आहे आणि लग्नात तो तसाच दिसतो. माझ्या मते लग्नासाठी शिवलेले धोतरच घ्यावे, मात्र तयार घेऊ नये, शिवून घ्यावे.

कोणाकडून शिवून घ्यावे, हे मला उशिरा कळले. सूट शिवणारा शिंपी याचे मातेरे करतो, कारण त्याला कापड कापल्याशिवाय चैन पडत नाही. नऊवारी शिवून देणाऱ्या बाईंकडे जावे. पुण्यात, डोंबिवलीत, दादरला अशा पुष्कळ जणी आहेत. निरी कुठे मोकळी सोडायची आणि काष्टा कुठे धरून ठेवायचा हे त्यांच्या हातात बसलेले असते. २०१९ मध्ये भाचीच्या लग्नासाठी मी अशाच एका बाईंना चार मीटरहून अधिक लांबीचे सुती धोतराचे पान नेऊन दिले. (दुकानदार कधी कधी दोन मीटरची एकेरी वेष्टी गळ्यात मारतो, ती काष्ट्याला पुरणे शक्य नाही.) त्यांनी सर्वप्रथम मला जमिनीवर मांडी घालून बसायला लावले आणि बसलेल्या स्थितीत माप घेतले. निऱ्या कमरेखाली फक्त चार बोटे शिवल्या, पुढे मोकळ्या सोडल्या. काठ कापला नाही, तो निऱ्यांच्या कडेने खाली उतरत येईल असा ठेवला. कमरेला इलॅस्टिकऐवजी नेफा आणि नाडी, कारण इलॅस्टिक जेवणानंतर टोचते आणि नाचल्यानंतर घसरते. आणि उजव्या बाजूच्या शिवणीत, मी न सांगता, त्यांनी एक खोल खिसा ठेवला.

त्या खिशानेच घात केला. नागपूरच्या मंडपात मेहुण्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले, निऱ्यांवरून नजर फिरवली आणि काहीच बोलले नाहीत, याचा अर्थ त्यांच्या भाषेत शाबासकी असा होतो. इतक्यात माझा फोन वाजला आणि मी सवयीने धोतरात हात घालून तो बाहेर काढला. मेहुणे म्हणाले, “धोतराला खिसा?” एवढेच. त्यांचा स्वतःचा फोन, चष्म्याचे घर आणि आहेराची पाकिटे त्या वेळी वहिनींच्या पर्समध्ये होती आणि वहिनी त्या पर्सच्या ओझ्याने एका बाजूला झुकून चालत होत्या, हे इथे नमूद करून ठेवतो.

कापडाविषयी माझे मत ठाम आहे. सुती धोतर हे सर्वांत चांगले. त्याला हलकी खळ द्यावी, कडक देऊ नये, नाहीतर निऱ्या पडत नाहीत, छत्रीसारख्या उभ्या राहतात. चमक हवीच असेल तर टसर किंवा खरे रेशीम घ्यावे आणि खिशाला ते परवडत नसेल तर चमक सोडून द्यावी. रंग पांढरा, मोतिया किंवा फिका पिवळा असेल तर चुण्यांच्या सावल्या दिसतात आणि त्या सावल्यांतच या वस्त्राची शोभा आहे. काळ्या किंवा गर्द निळ्या रंगात चुण्या घालणे म्हणजे अंधारात रांगोळी काढणे होय. खाली घेर आहे, म्हणून वर घेर नको. कुर्ता खांद्याला नेमका बसणारा असावा आणि सोनेरी काम एक तर कुर्त्यावर असावे किंवा काठावर. धोतराचा काठ रुंद असेल तर कुर्ता अगदी साधा, एकरंगी घालावा. पायांत कोल्हापुरी किंवा मोजडी घालावी, बूट नको. मात्र ओल्या कोल्हापुरीचा रंग पांढऱ्या काठाला लागतो, तेव्हा पाय धुतल्यावर लगेच ती घालू नये.

हे सारे लिहिल्यावर एक गोष्ट मेहुण्यांच्या बाजूची सांगणे भाग आहे. आपण लग्नाला केवळ पाहुणे म्हणून जाणार असाल तर वरचे सगळे लागू आहे. पण पूजेला किंवा एखाद्या विधीला बसण्याची वेळ येणार असेल, तर गुरुजींना आधी विचारून घ्या, कारण शिवलेले वस्त्र सोवळ्यात धरत नाहीत आणि काही गुरुजी त्याबाबत फार काटेकोर असतात. अशा वेळी अखंड पान बरोबर न्यावे आणि ते नेसवून देणारा कोणी वडीलधारा आधीच हेरून ठेवावा. मी मुंजीत हेच करायला हवे होते, आणि नेसवून देणारा माणूस तर चार हातांवर उभा होता. फक्त त्याला विचारायची माझी तयारी नव्हती.

आपल्या उंचीचे राहूनच गेले. ५ फूट ५ इंचांच्या माणसाने गुडघ्याखाली येणारा कुर्ता यावर घालू नये. तो चुण्याही झाकतो आणि पायही आखूड दाखवतो. कुर्ता गुडघ्याच्या चार बोटे वर संपावा आणि बाजूचे कट उंच असावेत. माझी उंची ५ फूट ४ इंच आहे, त्यामुळे हे अनुभवाने सांगतो. धोतराची कड घोट्याच्या हाडावर टेकावी, टाचेखाली येऊ नये. आणि माप द्यायला जाताना लग्नात घालणार असाल तीच चप्पल पायात असू द्या, कारण मोजडी आणि जाड तळाची कोल्हापुरी यांच्यात बोटभराचा फरक सहज पडतो.